बेक्वेला जाताय? घाई घरीच ठेवा

हनिमूनला आठवड्यात चार कॅरिबियन बेटं करायचा बेत आधी रद्द करा. लग्नाच्या धावपळीनंतर पुन्हा बॅगाच भरत बसायचंय का? सेंट व्हिन्सेंट बेटाशेजारचं बेक्वे जेमतेम 18 चौरस किलोमीटरचं आहे. सहा-सात दिवस तिथेच पडून राहा. सेंट व्हिन्सेंटची राजधानी किंग्सटाउनहून फेरी तासाभरात बेक्वेच्या पोर्ट एलिझाबेथ गावाला पोचते. विमान उशिरा उतरलं तर शेवटची फेरी हुकते, म्हणून पहिली रात्र किंग्सटाउनलाच काढलेली बरी. आणि तिकिटांआधी मार्ग तपासा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी आपल्या पासपोर्टवर व्हिसा लागतो.

जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर तुमचं आपोआप जमलंच, फक्त नाताळात भाडी चढतात.

राहायला लोअर बे बघा. प्रिन्सेस मार्गारेट बीचवर दुपारभर लोळा, संध्याकाळी बेलमाँटच्या पाण्याकाठच्या पायवाटेने शिडाच्या होड्या बघत निवांत गावात या. थोडे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर खिशात असू द्या. एका अमेरिकन डॉलरला 2.70 असा बांधलेला दर आहे.

हो, लष्करी छापाचे कपडे तिथे बेकायदा आहेत. नवरदेवाची ती तसल्या छापाची लाडकी कार्गो पँट कपाटातच राहू दे.