डबा रोज देते, पण राग जात नाही

"मनात राग धुमसत असताना वरून गोड वागायचं, म्हणजे ढोंगच ना, मॅडम?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती घरांतल्या बायका हा प्रश्न मला वारंवार विचारतात. पुरुषही विचारतात, पण त्यांचा सूर वेगळा असतो: "त्या माणसावर प्रेम करणं मला जमणार नाही, मग रविवारी देवळात जाऊन बसायचं कशाला?" दोघांच्या मुळाशी एकच समजूत असते. सगळ्यांवर मनापासून प्रेम करायचं म्हणजे सगळ्यांबद्दल आतून गोडवा वाटला पाहिजे, आणि तो वाटत नसेल तर आपली श्रद्धाच खोटी.

मार्थाताईंचं उदाहरण सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, लग्नानंतर पुण्यात आलेल्या, शाळेच्या ऑफिसात नोकरी. उपासना चुकत नाही, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला संघात पुढाकार. माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही आणि कॉलेजात जाणाऱ्या लेकीवर सारखी चिडचिड होते म्हणून. प्रेमाबिमाचा विषय त्यांच्या यादीत नव्हताच.

मी त्यांना म्हटलं, कालचा दिवस सकाळपासून सांगा. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू निघाल्या. वय झालेलं, मुलगा परदेशात, एकट्याच राहतात. गुडघे दुखायला लागल्यापासून मार्थाताई त्यांना रोज डबा देतात, दवाखान्यात नेतात, लाइट बिल भरतात. काकूंचं बोलणं मात्र असं: आमटी अळणी, पोळी जाड, काल उशीर का झाला. तेही त्यांनी पोटात घातलं. पण एक दिवस सोसायटीतल्या कुणीतरी सांगितलं, की काकू म्हणतात, "फुकट कोण देतं हो? बाटवायचं असेल."

"त्या दिवशीपासून डबा नेताना हात थरथरतो," मार्थाताई म्हणाल्या. "तरी नेते. हसून देते. आणि वर येऊन लेकीवर ओरडते." लेकीनंही एकदा ऐकवलं होतं, "आई, तुझं सगळं गोड बोलणं खालच्या मजल्यावरच संपतं."

माझ्या मते पोरीनं निदान बरोबर केलं होतं.

पर्समधून छोटं बायबल काढून त्यांनी रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय उघडला. प्रीतीत ढोंग नसावं, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथं सांगतो. "हे वाचलं की मला वाटतं, मीच ती ढोंगी." मी म्हटलं, पुढंही वाचा. पुढं पौल भावनांबद्दल फारसं बोलतच नाही. कामं सांगत जातो. अडलेल्याची गरज भागवा, पाहुणचार करा, छळणाऱ्यालाही आशीर्वाद द्या, वैरी भुकेला असेल तर त्याला खाऊ घाला. वैऱ्याला जेवू घालणारा माणूस आधी आतून विरघळलेला असला पाहिजे, अशी अट कुठे नाही. राग असताना डबा नेणं हे ढोंग नव्हे. आणि त्याच अध्यायात एक मोकळीकही आहे, जी आपल्याकडे प्रवचनात कमी ऐकू येते: सर्वांशी शांतीनं राहा, पण शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितकं. काकूंच्या वाटचं काम मार्थाताईंनी करायचं नव्हतं.

तरी एक गाठ उरत होती. आपल्याला लागलंय हे त्यांनी काकूंना कधी सांगितलंच नव्हतं. "ख्रिस्ती माणसानं सहन करावं ना?" शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा येशूनं मोशेच्या नियमशास्त्रातून घेतली, बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात ती अठराव्या वचनात आहे. त्याच्या आधीचं, सतरावं वचन मी त्यांना वाचायला लावलं. भावाबद्दल मनात द्वेष धरू नकोस, त्याचं चुकलं तर त्याला स्पष्ट सांग, असा त्याचा आशय. त्या बराच वेळ त्याच पानावर होत्या. (लूकच्या सुवार्तेतली मार्था तरी काय करते? बहीण कामाला हात लावत नाही, ही तक्रार ती थेट प्रभू येशूच्या तोंडावर करते. भांडी आपटत बसत नाही.)

मी त्यांना आणखी एक विचारलं: काकूंनी चर्चला यावं असं तुम्हाला वाटतं का? त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "वाटतं. पण त्यासाठी डबा देत नाही." मला ते खरं वाटलं. पण काकूंना ते कसं कळणार? हा संशय काही आजचा नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्यात आणलं, आणि १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती धर्माकडं वळवलं जातंय या वादात रानडे, भांडारकरांसारखे मोठे हितचिंतक दूर झाले. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. दुष्काळात कितीतरी निराधार बायका-मुलींना केडगावला आणून सांभाळलं. अर्थात रमाबाई आपली श्रद्धा लपवत नव्हत्या, आणि म्हणूनच तो वाद सरळ नव्हता. मार्थाताईंना मी एवढंच म्हटलं, की आपला हेतू साफ असला तरी समोरच्याची भीती खोटी ठरत नाही. तिच्याबद्दल बोलावं लागतं.

आम्ही वाक्यं ठरवली. ऑफिसात अर्ज लिहिणाऱ्या बाईला हे लिहून काढणं बरं वाटलं. "काकू, तुम्ही बाटवण्याबद्दल बोललात असं कानावर आलं. मला ते लागलं. तुमचा धर्म तुमचा, त्यावर मी कधी बोलणार नाही. आणि रोज डबा मला झेपत नाही. आठवड्यातून तीन दिवस देईन."

काकू काही गहिवरल्या नाहीत. "म्हटलं असेन बाई," एवढंच बोलल्या, आणि मग, "तीन दिवसांचे पैसे घेणार असशील तरच दे."

पैसे म्हटल्यावर मार्थाताई दुखावल्या. "सेवेचे पैसे घेऊ?" पुढच्या भेटीत अर्धा वेळ यावरच गेला. फुकटचा डबा घेताना काकूंना रोज खाली मान घालावी लागत होती, आणि त्याचा वचपा त्या अळणी आमटीवर काढत होत्या, असं मला वाटलं. देणाऱ्याचा हात कायम वर राहणार असेल, तर घेणाऱ्याला तो बोचतोच. पैसे घेतले की दोघी एका पातळीवर येत होत्या. हे मार्थाताईंना पटायला सतरावं वचन पटण्यापेक्षा जड गेलं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. हा सल्ला कटकट्या शेजाऱ्यासाठी आहे, हात उगारणाऱ्या नवऱ्यासाठी नाही. मार खाणाऱ्या बाईनं आधी सुरक्षित जागी जावं. क्षमेचं नंतर बघता येतं.

आता मार्थाताई तीन दिवस डबा देतात, महिन्याला पैसे घेतात. आमटीबद्दलची तक्रार चालूच आहे, पण आता त्या उलट विचारतात, "मग मीठ वर देऊ का वेगळं?" काकूंबद्दल माया वाटते का, असं मी विचारलं. "कधी कधी," त्या म्हणाल्या. झोप बरी आहे. लेकीचं प्रकरण मात्र अजून सुटलेलं नाही. पुढच्या वेळी तिला घेऊन या, असं सांगितलंय, आणि ती यायला तयार आहे.