वाचकांचे प्रश्न : दहशतवादविरोधी युद्धे आणि सरकारी निवेदने

प्रश्न : इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याचे सांगून युद्धाआधी जगाची दिशाभूल झाली, हे आता सर्वांना ठाऊक आहे. मग ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर दहशतवादाविरुद्धच्या युद्धांबद्दल अमेरिकी सरकारने जे जे सांगितले, ते सरसकट खोटे मानायला काय हरकत आहे?

उत्तर : हरकत एवढीच, की सरसकट खोटे मानले की पुढे काही तपासण्याची गरजच उरत नाही, आणि नेमकी हीच सोय सरसकट खरे मानणाऱ्यालाही असते. इराकचेच उदाहरण पाहा. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराककडे जैविक अस्त्रे बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळा असल्याचे ठामपणे सांगितले. त्यामागचा मुख्य आधार होता जर्मनीत आश्रयाला आलेला, ‘कर्व्हबॉल’ या सांकेतिक नावाचा एक इराकी माणूस, ज्याची सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने युद्धापूर्वी स्वतः चौकशीही केलेली नव्हती. ती हकीकत आपण रचली होती, अशी कबुली त्याने २०११ मध्ये दिली. हे सारे नंतर उघड झाले, असे यावर कोणी म्हणेल. पण ७ मार्च २००३ रोजी, म्हणजे इराकवरील अमेरिकी आक्रमणाच्या तेरा दिवस आधी, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल् बरादेई यांनी त्याच परिषदेत सांगितले होते, की इराकने नायजरकडून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याची कागदपत्रे अस्सल नाहीत. शंका घेण्याजोगी माहिती चव्हाट्यावर होती. ती ऐकून घेण्याची तयारी नव्हती.

आता दुसरी बाजू. इराककडे महासंहारक अस्त्रांचे साठे नव्हते, हे २००४ मध्ये सांगितले ते अमेरिकेनेच नेमलेल्या शोधपथकाने. इराक आणि ११ सप्टेंबरचे हल्ले करणारी अल् कायदा ही संघटना यांच्यात हल्ल्यांसाठी सहकार्य असल्याचा पुरावा नाही, हा निष्कर्षही अमेरिकेच्याच चौकशी आयोगाचा. अफगाणिस्तानातील युद्धाबद्दल अधिकारी खासगीत किती निराश होते, हे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने डिसेंबर २०१९ मध्ये छापले तेही सरकारी मुलाखतींच्या आधारे, मात्र त्या मिळवण्यासाठी त्या दैनिकाला तीन वर्षे न्यायालयात झगडावे लागले. सरकारी कागद म्हणून तो आधीच फेकून देणाऱ्याच्या हाती यातले काहीच लागले नसते.

माझी स्वतःची सवय अशी, की मी निवेदनातील नामांकडे आधी पाहतो. ‘अतिरेकी ठार’ असे वाचले, की ठार झालेला अतिरेकी होता हे कोणी व कशावरून ठरवले, हे मी शोधतो. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये झालेल्या अमेरिकी ड्रोनहल्ल्यात आत्मघाती हल्ल्याचा धोका टळला, असे सांगितले गेले, आणि सेनादलप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल मार्क मिली यांनी तो हल्ला न्याय्य ठरवला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हल्ल्याचे लक्ष्य झालेल्या मोटारीचा त्या दिवसभराचा प्रवास चित्रफितींवरून जुळवून पाहिला. त्यानंतर १७ सप्टेंबरला पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, मान्य केले, की मारले गेलेले दहाही जण सामान्य नागरिक होते आणि त्यांत सात मुले होती. तिथे पत्रकार पोहोचू शकले म्हणून हे कळले. जिथे कोणी पोहोचत नाही, तिथल्या आकड्यांवर मी आणखी सावधपणे विसंबतो.

प्रश्न : अशा शंका काढल्याने युद्धात प्राण देणाऱ्या सैनिकांचा अपमान होत नाही का?

उत्तर : व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल सोडून अमेरिकी सैन्यात गेलेले पॅट टिलमन २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात मरण पावले. ते शत्रूशी लढताना पडले, असे सांगून त्यांना मरणोत्तर शौर्यपदकही देण्यात आले. गोळ्या आपल्याच तुकडीच्या होत्या, हे कुटुंबाला सुमारे पाच आठवड्यांनी कळले. खऱ्या हकिकतीसाठी पुढे कित्येक वर्षे लष्कराचा पिच्छा पुरवला तो त्यांच्या आईने, आणि २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीसमोर साक्ष द्यायला उभा राहिलेला त्यांचा भाऊ केव्हिन स्वतः त्याच पलटणीतला सैनिक होता.