लाइव्ह ऑनलाइन क्लासमध्ये फॉर्मल पँट शिवायला खरंच शिकता येते का? की ओळखीच्या टेलरकडे जाऊन बसावं?

येते, नक्की येते. मी इंदूरला घरी बसून तशीच शिकले आणि आता ऑफिसला घालते त्या पँट माझ्याच हातच्या असतात. तुम्ही लिहिलंय की ब्लाउज, कुर्ते, सलवार तुम्हाला येतात आणि अडलंय ते फक्त पँटपाशी. म्हणून फी भरण्याआधी एवढंच विचारून घ्या, की त्या क्लासमध्ये फिटिंगला वेळ ठेवलाय का? म्हणजे कच्ची पँट घालून तुम्ही कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणार आणि शिकवणाऱ्या बाई ती बघून दुरुस्ती सांगणार, असं काही आहे का? नसेल तर तो क्लास सोडा. चेन कशी लावायची, खिसा कसा कापायचा याचे उत्तम व्हिडिओ फुकट मिळतात. लाइव्हचे पैसे द्यायचे ते जाणत्या नजरेसाठी.

याचं कारण पँटच्या आसनात, म्हणजे दोन पाय जुळतात त्या भागात आहे. सलवारीला चुण्या असतात, आसन सैल असतं, इंचभर इकडेतिकडे झालं तरी झाकलं जातं. पँटला ती सोय नाही. पुढचा आणि मागचा गोलावा दोन पायांच्या मधून जातो आणि तो प्रत्येकीचा वेगळा. कंबर आणि सीट सारखी असलेल्या दोघींनासुद्धा एकच पेपर कटिंग बसेल असं नाही. एकीचं पोट पुढे असतं, एकीची सीट चपटी. आसनाची उंची मोजायला कडक खुर्चीवर ताठ बसायचं आणि कुशीला कंबरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत टेप धरायची. त्यात अर्धा-पाऊण इंच सैलपणा मिळवायचा. हे माप कोणीही शिकवतं. मागचा गोलावा किती खोल, मागची शिवण किती तिरकी, हे मात्र कापड अंगावर चढल्यावरच कळतं.

आणि इथेच आपण एकटे कमी पडतो. आरशात स्वतःची पाठमोरी पँट बघायची तर कंबरेत वळावं लागतं, आणि वळलं की कापडाला भलत्याच सुरकुत्या पडतात. त्या पँटच्या की वळण्याच्या, ते सांगता येत नाही. कॅमेरा सीटच्या उंचीवर ठेवून नेहमीसारखं सरळ उभं राहिलं की समोरच्याला खरं चित्र दिसतं. आमच्या बाई आधी मांजरपाटाची, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाची, कच्ची पँट करून घ्यायच्या. माझ्या मांजरपाटाला मागे, आसनापासून कुल्ल्याकडे जाणाऱ्या तिरक्या ओढी दिसत होत्या आणि बसलं की मागची कंबर खाली उतरायची. बाईंनी ते बघून सीटच्या मधोमध, मागच्या शिवणीपासून कुशीपर्यंत आडवं कापायला सांगितलं, कुशीला थोडंसं जोडलेलं ठेवून. कापल्याबरोबर फट आपोआप उघडली आणि ओढी गेल्या. ‘आता फट मोजा,’ म्हणाल्या. पाऊण इंच. तेवढं कागदावर मागच्या भागात वाढवलं, झालं. अंगाला काय हवंय ते कापडच सांगतं, फक्त ते वाचणारं कोणी तरी हवं. तेव्हापासून मला त्या ओळी वाचता येऊ लागल्या: पुढे आसनातून वर चढणाऱ्या ओढी म्हणजे पुढचा काटा (आसनाचं पुढे निघालेलं टोक) लहान किंवा मांडीत तंग, सीटखाली झोळ म्हणजे मागची लांबी जास्त, सीटवर आडव्या ताणलेल्या रेषा म्हणजे रुंदीच कमी.

तयारी फार लागत नाही. घरचं साधं मशीन चालतं, चेन लावायचं मशीनचं वेगळं पाऊल (झिपर फूट) मात्र घ्या, आणि सुटिंगला १४ नंबरची सुई. शिवताना फोन एका स्टँडवर हातांच्या वर उभा करा. क्लाससाठी काळं किंवा नेव्ही कापड मुळीच नको, कॅमेऱ्यात शिवण दिसतच नाही. फिकं कापड आणि लाल दोरा घेतला की बाईंना तुमचा प्रत्येक टाका दिसतो. खिशाचं सुती कापड आधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात तेच आटतं आणि खिसा आतून ओढतो. पँटला ५८ इंच पन्ह्याचं सव्वा मीटर साधारण पुरतं. मी कापड राजवाड्याच्या आसपासच घेते, एम. टी. क्लॉथ मार्केट म्हणजे आपलं महाराजा तुकोजीराव मार्केट जवळच आहे, पण तिथला मुख्य धंदा ठोकाचा. कापड घेताना हातात धरून उभा धागा बघा. पँटची घडी बरोबर त्याच धाग्यावर यायला हवी, नाहीतर पाय घातल्यावर पिळवटतो, आणि तो दोष कोणत्याही इस्त्रीने जात नाही.

आता टेलरचं. ओळखीचे असतील तर जरूर जा, पण शिकायला बसण्यापेक्षा एखादी जुनी शिवलेली पँट उलटी करून दाखवा म्हणावं. चांगल्या टेलरने शिवलेल्या पुरुषांच्या पँटमध्ये कमरेचा पट्टा दोन अर्ध्या भागांत असतो. दोन्ही बाजू पट्ट्यासकट वेगवेगळ्या तयार होतात आणि मागची मधली शिवण सगळ्यात शेवटी, पट्ट्यातून सलग घातली जाते. वर तिथे इंच-दीड इंच माया (शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड) असते, गोलाव्याकडे ती कमी होत जाते. वजन वाढलं-घटलं तर तेवढीच एक शिवण उसवायची. घरगुती शिवणात बहुतेक ठिकाणी पट्टा अखंड लावायला शिकवतात, आणि मग कंबर सैल करायची म्हणजे अख्खा पट्टा काढा! बाळंतपणानंतर, थायरॉइडमध्ये बायकांची मापं किती बदलतात. ही सोय पुरुषांच्या पँटपुरतीच का ठेवायची? तुमच्या क्लासमध्ये अखंड पट्टा शिकवत असतील तर दोन भागांचा मुद्दाम विचारा.

टेलर हाताला वेग देतील, यात शंका नाही. पण बाईमाणसाने दुकानात कच्ची पँट घालून पुन्हा पुन्हा सीट दाखवत उभं राहणं आपल्याकडे अजून अवघडच आहे, आणि टेलरलाही मधल्या गिऱ्हाइकातून तेवढा वेळ नसतो. घरात, स्वतःच्या खोलीत, शिकवणाऱ्या बाईंसमोर तो संकोच राहत नाही. मला तरी ऑनलाइनचा सर्वांत मोठा फायदा हाच वाटला.

बॅच लहान बघा, पाच-सहा जणींची. रेकॉर्डिंग मिळत असेल तर उत्तम, चेनच्या दिवशी ते थांबवत थांबवत बघावं लागतं. पहिली पँट फिक्या सुती ट्विलची करा, ती इस्त्रीला ऐकते. टेरीवूल (पॉलिस्टर-लोकर मिश्र कापड) दुसऱ्या वेळी घ्या. आणि पहिल्या फिटिंगला रोजच्या ऑफिसच्या चपला घालूनच उभ्या राहा, लांबी त्यावरच ठरते.