माहितीपुस्तिकेतील नामवंत आणि मुलीचा प्रवेश

आदरणीय ताई,

आपले पत्र मिळाले. मुलीला एका खाजगी विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळतो आहे, कॅप फेरीत (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत) मिळालेले शासकीय महाविद्यालयही हाताशी आहे, परंतु खाजगी विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतील नामवंत माजी विद्यार्थी, प्राध्यापक आणि पदाधिकारी यांची छायाचित्रे पाहून घरातील सर्वांचा कल तिकडे झुकला आहे, असे आपण लिहिले आहे. ‘एवढी मोठी माणसे जिथे घडली, तिथे शंका कशाला?’ हा आपल्या यजमानांचा प्रश्न आपल्याला खोडूनही काढता येत नाही आणि तो पटतही नाही.

त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझी विनंती एवढीच, की त्या पुस्तिकेतील प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती तिथे कोणत्या वर्षी होती, कोणत्या शाखेत होती आणि तिची पदवी कोणी दिली, हे आपण पेन्सिलीने लिहून काढावे. असे केल्यावर पुष्कळ गोष्टी आपोआप स्पष्ट होतात.

मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांचे उदाहरण घ्या. कर्नाटकातील मणिपालचे खाजगी विद्यापीठ म्हटले की त्यांचे नाव हमखास निघते आणि ते खरेही आहे. तेथील तंत्रशिक्षण संस्थेतून ते 1988 साली विद्युत अभियंता झाले. पण 1957 पासून चालत आलेली ती संस्था तेव्हा मंगळूर विद्यापीठाशी संलग्न होती, म्हणजे पदवी त्या विद्यापीठाची असे, आणि मणिपालला अभिमत विद्यापीठाचा दर्जा, म्हणजे स्वतःची पदवी देण्याचा अधिकार, मिळाला तो 1993 साली. पुढे नडेला यांनी विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठातून 1990 साली संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, 1992 साली ते मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाले, 1997 साली शिकागो विद्यापीठातून त्यांनी एमबीए केले आणि 2014 साली ते कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. म्हणजे अभियांत्रिकीची पदवी आणि ते पद यांच्यामध्ये 26 वर्षांचे काम आणि आणखी दोन विद्यापीठे उभी आहेत. यामुळे मणिपालला कमीपणा येत नाही. डॉ. टी. एम. ए. पै यांनी 1953 साली तिथे कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले आणि या देशात खाजगी वैद्यकीय शिक्षणाची वाट पाडली, हे काम माझ्या दृष्टीने कोणत्याही एका माजी विद्यार्थ्यापेक्षा मोठे आहे. मात्र आज तिथे संगणकशास्त्र कसे शिकवले जाते, याचे उत्तर नडेला यांच्या छायाचित्रातून मिळत नाही.

राजस्थानातील पिलानीच्या बिट्सबाबतही (बिर्ला तंत्रज्ञान व विज्ञान संस्था) असेच म्हणता येईल. ही संस्था 1964 साली अभिमत विद्यापीठ झाली. भारत फोर्ज या कंपनीचे प्रमुख बाबा कल्याणी हे तिथले यांत्रिकी अभियंते, आपल्या पुण्याचे, म्हणून त्यांच्याविषयी आपल्याला विशेष आपुलकी. पण आज त्या संस्थेत शिकणाऱ्या मुलांना ज्याचा प्रत्यक्ष लाभ होतो, तो ‘प्रॅक्टिस स्कूल’ हा उपक्रम 1973 साली, कल्याणी पदवी घेऊन बाहेर पडल्यानंतर सुरू झाला. दुसऱ्या वर्षानंतर सुमारे दोन महिने आणि शेवटच्या वर्षी जवळजवळ साडेपाच महिने विद्यार्थी एखाद्या कारखान्यात, कंपनीत किंवा संशोधनसंस्थेत काम करतो आणि त्या कामाचे श्रेयांक (क्रेडिट्स) त्याच्या पदवीत धरले जातात. आपल्यासमोरच्या विद्यापीठात असे काही आहे का, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

प्राध्यापकांच्या पानाकडे मी सर्वांत अधिक लक्ष देईन. मुलीला चार वर्षे शिकवणार आहेत ते हेच लोक. अभ्यागत प्राध्यापक वर्षातून दोन व्याख्याने देऊन जातात, तरी त्यांचे छायाचित्र पहिल्या पानावर असू शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद मान्य केले. उद्योगक्षेत्रातील अनुभवी व्यक्ती पीएच.डी. नसतानाही त्यावर शिकवू शकते. परंतु अशी पदे मंजूर जागांच्या 10 टक्क्यांहून अधिक असू नयेत आणि मुदत सर्व मिळून चार वर्षांपलीकडे जाऊ नये, असे आयोगाचे म्हणणे आहे. योजना चांगली आहे, पण विभागाचा कणा नियमित अध्यापकांचाच असावा लागतो. म्हणून संगणक विभागात नियमित नेमणुकीवर किती जण आहेत, त्यांपैकी पाच वर्षांहून अधिक काळ टिकलेले किती, आणि पहिल्या वर्षाचे गणित व प्रोग्रामिंग नेमके कोण शिकवते, हे आपण लेखी विचारावे.

पदाधिकाऱ्यांविषयी थोडक्यात. खाजगी विद्यापीठात कुलपती सामान्यतः प्रायोजक संस्थेकडून, म्हणजे विद्यापीठ स्थापन करणाऱ्या संस्थेकडून, येतात, तर शैक्षणिक कारभार कुलगुरूंकडे असतो. बिट्समध्ये कुमार मंगलम बिर्ला कुलपती असताना 2023 साली कुलगुरू म्हणून व्ही. रामगोपाल राव आले, जे त्याआधी दिल्लीच्या आयआयटीचे संचालक होते. संस्थापकांच्या घराण्याचे नाव मोठे आहे, एवढ्यावर समाधान न मानता कुलगुरू कोण आहेत आणि गेल्या काही वर्षांत ते किती वेळा बदलले, हे पाहावे.

आता ज्यांची छायाचित्रे कोणीच छापत नाही, त्यांच्याकडे वळू. 60 जणांच्या वर्गात एकाला मिळालेले सर्वांत मोठे पॅकेज पुस्तिकेत असते; तिसाव्या क्रमांकावरच्या मुलाला काय मिळाले, हे मध्यक वेतनावरून, म्हणजे सर्व वेतने क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यावरून, कळते. 2016 पासून प्रसिद्ध होणाऱ्या एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीसाठी सहभागी संस्थांना हा आकडा, नियत कालावधीत उत्तीर्ण झालेल्यांची संख्या आणि उच्च शिक्षणाला गेलेल्यांची संख्या द्यावी लागते, आणि ही माहिती सर्वांना पाहता येते. दोन्ही संस्थांची तीन-तीन वर्षांची माहिती समोरासमोर ठेवा. खाजगी विद्यापीठ त्या क्रमवारीत नसेल, तर हेच आकडे कुलसचिवांकडे मागा. आपण पालक आहात, शुल्क भरणार आहात. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

हे सारे होईपर्यंत कॅप फेरीतील जागा सोडू नका आणि तिच्या निश्चितीची अंतिम तारीख चुकवू नका. या आठवड्यात मुलीला घेऊन दोन्ही ठिकाणी जा, आणि तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी तिला एकटीला बोलू द्या. गेल्या सत्रात कोणत्या विषयाला शिक्षक नव्हते, हे तिने त्यांना आवर्जून विचारावे. मिळालेली उत्तरे मला कळवा. त्यानंतर शुल्क आणि शैक्षणिक कर्ज यांच्या हिशेबावर आपण पुढे बोलू.

आपला,
करिअर मार्गदर्शक