पहाटेच्या गारठ्यात गाडी सुरू होईना : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

मतलई वारे सुटले आणि पहाटे दव पडू लागलं की कोकणातून एकच तक्रार येते : सकाळी गाडी सुरू होत नाही. किनाऱ्यावरच्या गावांत पारा सहसा पंधराच्या खाली जात नाही, दापोलीच्या बाजूला तो दहा-बारापर्यंत उतरतो. धडधाकट बॅटरी आणि स्वच्छ जोड असलेली गाडी एवढ्या थंडीला दाद देत नाही. म्हणून नुसत्या थंडीला दोष देऊन थांबू नका. मे महिन्याच्या उन्हाने बॅटरीचं काय केलं आणि खाऱ्या वाऱ्याने तारांचं काय केलं, ते आधी पाहा.

प्रश्न (गुहागर) : घर समुद्रालगत आहे. पेट्रोल गाडी, बॅटरी दोन वर्षांची. सकाळी चावी फिरवली की एकदाच 'कट्' आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात. दुपारी तीच गाडी झटकन सुरू होते. मेकॅनिक बॅटरी बदला म्हणतो.

बॅटरीचे पैसे इतक्यात घालू नका. साधा मल्टीमीटर आणा आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ किंवा खाली असेल तर आधी चार्ज करा. रिकाम्या बॅटरीवर पुढच्या कुठल्याच चाचणीला अर्थ नाही.

बॅटरी भरलेली असेल तर दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. तो ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी खरंच थकली आहे. १०.५ च्या वर राहिला आणि तरी सेल्फ जड फिरतो किंवा फिरतच नाही, तर वीज वाटेत कुठेतरी अडते आहे, किंवा सेल्फमध्येच दोष आहे. ते ओळखायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटीवरच) आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, आणि सेल्फ मारताना वाचा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग, म्हणजे काळ्या तारेचा बॉडी-इंजिनशी जोड, खराब. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट, इथे ०.५ पर्यंत चालतं. दोन्ही आकडे ठीक आले, तर सेल्फ उतरवून त्याचे कार्बन ब्रश तपासून घ्या.

समुद्राजवळ बहुतेक वेळा अर्थिंगच सापडतं. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ सव्वाशे अँपिअरच्या आसपास ओढतो. जोडावर ०.०२ ओहम इतका किरकोळ अडथळा असला तरी अडीच व्होल्ट तिथेच जातात. दुपारी बॅटरी गरम असते, तिचा जोर वाढतो, ऑइल पातळ होतं, आणि तोच खराब जोड कसाबसा निभावून नेतो.

सफाई अशी करा. १० नंबरच्या पान्याने आधी काळी म्हणजे निगेटिव्ह तार काढा, मग लाल. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने पांढरा-हिरवा थर घासा. बॅटरीची बुचं घट्ट असू द्या, सोडा आत गेला तर ॲसिड मारलं जातं. गोड्या पाण्याने धुवा, कोरडं पुसा, पॉलिश पेपरने खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत करा. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. पक्कं आवळल्यावरच वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. आता सगळ्यात महत्त्वाचं : काळी तार जिथे बॉडीला आणि इंजिनला बोल्टने लागते, तेही बोल्ट खोलून धातू दिसेपर्यंत घासा. गॅरेजमध्ये टर्मिनल पुसतात आणि हे बोल्ट तसेच राहतात. किनाऱ्यावर हे काम वर्षातून दोनदा हवं, मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावर.

बॅटरी बुचांची असेल तर पाण्याची पातळीही बघा. प्लेटांच्या वर बोटाच्या रुंदीएवढं पाणी पुरे. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं पाणी नको, किनाऱ्यालगतच्या विहिरींना मचूळपणा असतो आणि त्यातला क्लोराइड प्लेटा खातो.

प्रश्न (मालवणचे, मुक्काम मुंबई) : गाडी गावी असते. गणपतीनंतर थेट दिवाळीला किंवा नाताळात जातो, तेव्हा बॅटरी मेलेली असते. शेजारी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करून ठेवतात, तरीही.

बंद गाडीतही अलार्म, लॉक आणि कंप्युटर थोडी वीज खातात, साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ३० धरले तरी दिवसाला ०.७ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत जवळजवळ अर्धी होते आणि दीड महिन्यात रिकामी. रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्ज करूनही ती पूर्वीसारखी होत नाही.

शेजाऱ्यांना सांगा की पाच मिनिटं गाडी चालू करणं बंद करा. बंद गाडी आठवडाभरात जितकी वीज खाते तेवढी पाच मिनिटांच्या नुसत्या आयडलवर परत येत नाही, आणि थंड सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. गाडी किमान अर्धा तास रस्त्यावर फिरवता येत असेल तर चावी द्या. नाहीतर निघताना निगेटिव्ह तार काढून बाजूला गुंडाळून ठेवा. दार चावीने लॉक होतं ना, ते बॉनेट बंद करण्याआधी बघा. टाकी भरून ठेवा : अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल त्यातलं पाणी ओढून घेतं. पेट्रोलचा हलका, लवकर पेटणारा भाग आधी उडून जातो आणि थंड इंजिनला तोच लागतो, म्हणून तीन-चार महिन्यांच्या पेट्रोलवर पहिली सुरुवात जड जाते. हँडब्रेक ओढून ठेवू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. खाऱ्या हवेत ब्रेक चिकटतात. आणि परत आल्यावर सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघडा. उंदरांनी एअर फिल्टरच्या डब्यात घरटं केलं असेल किंवा वायरी कुरतडल्या असतील, तर ते आधी दिसलेलं बरं.

प्रश्न (दापोली) : दहा वर्षं जुनी डिझेल गाडी. सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागतो, मग पांढरा धूर सोडत, खडखडत सुरू होते. मिनिटभराने सगळं ठीक.

सेल्फ जोरात फिरतो आणि तरी असं होतं, तर संशय हीटर प्लगवर, म्हणजे सुरू होताना सिलिंडरच्या आत ऊब देणाऱ्या प्लगवर. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटतं. सिलिंडरच्या गार भिंती ती उष्णता शोषून घेतात आणि न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर येतं. चारांपैकी एक-दोन प्लग मेले की असंच होतं. प्लगना वीज देणारी पट्टी सोडवून मीटरने प्रत्येकाचा रोध मोजा : चांगला प्लग साधारण ०.५ ते २ ओहम दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. सगळे चांगले निघाले तर चावी फिरवल्यावर पट्टीपर्यंत १२ व्होल्ट पोचतात का ते बघा, कारण ती वीज सोडणारा रिलेही जातो. प्लग काढायचे तर इंजिन गरम असताना आणि हलक्या हाताने. गंजलेला प्लग हेडमध्ये तुटला की खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

सेल्फ मारताना धूरच येत नसेल तर डिझेल पोचतच नाही. डिझेल पुढे ढकलायचा हातपंप सकाळी मऊ लागतो आणि दाबल्यावर कडक होऊन गाडी सुरू होते? मग लाइन हवा घेते आहे. फिल्टरचं सील आणि पाइपचे क्लॅम्प तपासा. पावसाळ्यानंतर फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणीही काढून टाका. एअर इनटेकवर स्टार्टिंग स्प्रे मारू नका, पेटता बोळा तर मुळीच धरू नका. तापलेल्या हीटर प्लगवर स्प्रेमधलं ईथर आत आधीच पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो.

प्रश्न (चिपळूण) : सीएनजी गाडी आहे, मग पेट्रोलचा काय संबंध? सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो.

संबंध आहे. बहुतेक गाड्या थंड असताना पेट्रोलवरच सुरू होतात आणि नंतर सीएनजीवर जातात. चावी ऑनवर आणा, पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐका, बंद करा. असं तीनदा करून सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर रात्रीत इंधनाचा दाब उतरतो आहे. पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (इंधन मागे येऊ न देणारी झडप) किंवा गळका इंजेक्टर बघायला सांगा. फरक पडला नाही तर स्कॅनर लावून, गाडी सुरू करण्याआधी, कूलंटचं तापमान वाचा. ते बाहेरच्या हवेशी जुळायला हवं. गार इंजिनवर ऐंशी अंश दिसत असतील तर कंप्युटर इंजिन गरम समजून पेट्रोल कमी सोडतो. सेन्सर स्वस्त असतो, तो बदला. टाकीत पाव तरी पेट्रोल असू द्या आणि आठवड्यातून आठ-दहा किलोमीटर त्यावर चालवा.

प्रश्न (सावंतवाडी) : थंडीपुरतं पातळ ऑइल घालू का?

नको. १५डब्ल्यू-४० हे जाडसर ऑइलदेखील उणे वीस अंशांपर्यंत इंजिन फिरू देईल अशा चाचणीतून गेलेलं असतं. पुस्तिकेतला ग्रेड ठेवा.

प्रश्न (अलिबाग) : ऑटोमॅटिक गाडी, धक्का मारून सुरू होईल का? जंपर केबल लावायची भीती वाटते.

धक्क्याने होणार नाही. केबलचा क्रम नीट पाळला तर भीती नाही. लाल टोक मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं लाल चांगलीच्या पॉझिटिव्हला, काळं चांगलीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं काळं बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून ती दूर. मदतीची गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. केबल उलट क्रमाने काढा. पुढचा अर्धा तास एसी आणि मोठे दिवे बंद ठेवून गाडी चालवा, आणि घरी आल्यावर ४ अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर, दहा तास तरी, लावून ठेवा. बॅटरी बदलायचीच वेळ आली आणि गाडी सिग्नलला आपोआप बंद होणारी असेल, तर ईएफबी किंवा एजीएम या अशा गाड्यांसाठीच्या मजबूत बॅटऱ्यांपैकी जी मूळची होती तीच घ्या. साधी बॅटरी त्या गाडीत लवकर मरते.