काळी कोंबडी म्हणजे कडकनाथच ना? मग आमच्या काळ्या कोंबडीखाली तपकिरी पिल्लं कशी निघाली?

नाही. खऱ्या कडकनाथची कातडी आणि मांसही काळं असतं. पिसं काळी म्हणजे कडकनाथ हे आमच्या दाजींचं शास्त्र, आणि त्यापायी भर बाजारात माझी इज्जत गेलीय म्हणून लिहितोय.

मी अस्सल कडकनाथ कोंबडा आणून घरच्या पिवळ्या पायाच्या गावरान कोंबड्यांत सोडला. पिल्लं बहुतेक काळीच निघाली. मी म्हणलं हे क्रॉस आहेत, तर दाजी म्हणे काळं ते काळं, तू कॉलेजात हेच शिकलास का. चार महिन्यांनी डालगंभर आठवडी बाजारात नेले, गावरानच्या दुप्पट भावाने गेले. पुढच्या बाजाराला एकजण साफ केलेला कोंबडा पिशवीत घेऊन हजर, कातडी फिकट आणि मांस गुलाबी. दाजी चहाला म्हणून गेले ते आलेच नाहीत, सगळं मी ऐकून घेतलं. वर घरी आल्यावर काय, तर म्हणे तू मका घातलास म्हणून रंग उतरला!

मका नाही ओ. पिसांचा काळेपणा वेगळ्या जीनचा, कातडी-मांसाचा वेगळ्या. त्यात कातडीचा काळा रंग दाबणारा अजून एक जीन झेड क्रोमोझोमवर, म्हणजे नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. तो आमच्या पिवळ्या पायाच्या कोंबड्यांत होता, कडकनाथ कोंबड्यात नव्हता. कोंबडीकडे झेड एकच आणि तो ती फक्त नरपिल्लांना देते, तलंगांना, म्हणजे मादी पिल्लांना, मिळतो तो बापाचा. म्हणून आमच्या तलंगा आतून काळ्या, कोंबडे फिकट. आणि त्या माणसाने नेमका कोंबडाच नेला होता. त्या कोंबड्याचे पाय फिकट होते, ते दाजींना दिसले नाहीत होय?

तुमचं म्हणाल तर कोंबडा कुठला ते लिहिलंच नाही तुम्ही. शिवाय खुडूक कोंबडी कुणाचीही अंडी उबवते, आणि आधीच्या कोंबड्याचा असर दोन आठवडे तरी राहतो. कोंबडीची चोच उघडून जीभ बघा, तुरा बघा. लालभडक तुरा असेल तर विषय संपला. अंडी काळी नाहीत म्हणून मात्र नाराज होऊ नका, कडकनाथचीही फिकट तपकिरीच असतात.

हां, गावरान कोंबडीचेच पाय काळे असतील तर वरचं नर-मादीचं गणित बसत नाही. हे दाजींना सांगू नका, तेवढंच धरून बसतील.