पक्षाघातानंतर मेंदू वाचवायला चिनी काढा द्यावा का?

आधी वेळेचं बघा. गुठळीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. त्या वेळात काढा नको. गिळणं अनेकदा बिघडलेलं असतं, घोटभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

सर्वांत प्रसिद्ध काढा 'बूयांग हुआनवू', वांग छिंगरेन या चिनी वैद्यांचा, 1830 चा. त्यात हुआंगछी नावाचं मूळ तब्बल 120 ग्रॅम आणि बाकी सहा द्रव्यं मिळून जेमतेम 20-25 ग्रॅम: दांगग्वेई, लाल पिओनीचं मूळ, छ्वानश्योंग, पीचच्या बियांचा गर, वाळवलेलं गांडूळ आणि होंगह्वा, म्हणजे आपल्या करडईची फुलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूची सूज कमी झालेली दिसते, पण माणसांत तेवढा भक्कम पुरावा नाही. न्यूरोएड या चिनी सूत्राच्या कॅप्सूलची सुमारे 1100 रुग्णांवर चाचणी झाली, निकाल 2013 साली आले: तीन महिन्यांनी डमी औषधापेक्षा ठळक फरक नव्हता.

खरी भीती रक्तस्रावाची. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्याला दानशेन (आणखी एक चिनी मूळ) किंवा दांगग्वेई दिलं तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, वर जातो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी औषधं चालू असतानाही जपूनच. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर रक्त 'मोकळं' करणारा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. ऑनलाइन पुड्या मागवत असाल, तर प्रत्येक घटकाचं नाव लिहून न्यूरोलॉजिस्टना दाखवा.